जुन्या व्हॅनवर धंदा उभा करताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

मागच्या व्हिडिओत "जुनी व्हॅन घेऊन चालता-फिरता धंदा" हा विषय आपण वरवर घेतला होता. त्यानंतर भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईहून एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा प्रश्न इतका नेमका होता की आजचा पूर्ण धडा त्यावरच घेतोय.

पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की मिरची. हंगामात इथला हिरव्या मिरचीचा बाजार गजबजलेला असतो. शेतकऱ्यांच्या गाड्या, व्यापारी, हमाल, परराज्यात माल नेणारे ट्रकवाले, सगळे उशिरापर्यंत जागे. या मुलाचं म्हणणं असं, की एक जुनी मारुती व्हॅन घ्यायची, मागे शेगडी, पाण्याची टाकी आणि झोपायला फळी बसवायची. हंगामात बाजाराजवळ रात्रभर चहा-नाश्ता, पहाटे गाडीतच पाठ टेकायची. हंगाम संपला की हीच गाडी अजिंठ्याकडे येणाऱ्या दोन-चार प्रवाशांना मुक्कामासाठी द्यायची. पैसा आईच्या बचत गटातून, ८०,००० रुपये. म्हणजे गाडी बसली तर हप्ता आईच्या नावावर बसणार. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचं वाचा.

त्याच्यासमोर दोन ओम्नी होत्या. एक १९९८ची, मालक ५५,००० म्हणत होता. दुसरी १९९९ची, ४२,०००ला मिळत होती, पण चालू केली की निळा धूर. पोरगा म्हणाला, "सर, पहिलीचं इंजिन म्हणजे मक्खन हाय. दुसरी तर चुलीसारखी धुपती." त्याचं मन पहिलीवर होतं. मी म्हटलं, सौदा थांबव, मी येतो.

जाताना माझ्या डोक्यात माझीच एक जुनी चूक घोळत होती. काही वर्षांपूर्वी मी हौसेने मॅटाडोर घेतली होती, गावोगाव प्रशिक्षणासाठी. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी (आताची फोर्स मोटर्स) १९६९ पासून ही गाडी बनवायची. मूळ आराखडा जर्मन, आणि नंतरच्या गाड्यांना मर्सिडीझच्या परवान्यावर बनणारं डिझेल इंजिन. मी इंजिन ऐकून गाडी घेतली. इंजिनाने मला खरंच कधी त्रास दिला नाही, कारण त्याच घराण्यातलं इंजिन ट्रॅक्सलाही लागायचं, सामान कुठेही मिळायचं. मला रडवलं ते पुढच्या काचेने. एक खडा उडाला, काच तडकली आणि तशीच दुसरी काच शोधण्यात पूर्ण पावसाळा गेला. गाडी ताडपत्रीखाली, ठरलेली शिबिरं रद्द. शेवटी एका भंगारातल्या मॅटाडोरची काच काढून आणली, तर तिचं रबर सापडेना!

त्या पावसाळ्यात मला कळलं की जुन्या गाडीचे पार्ट दोन जातींचे असतात. इंजिन, क्लच, बेअरिंग, प्लग, बेल्ट हे अनेक गाड्यांत सारखे असतात, म्हणून दुकानदार ठेवतो. काच, काचेचं रबर, दरवाजाचं कुलूप, सरकत्या दरवाजाचं रोलर, दिव्याची चौकट, मडगार्डचा पत्रा हे फक्त त्याच गाडीचे. ते खपत नाहीत, म्हणून कोणी ठेवत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना अंगाने धड गाडी घ्यायची. मन सुधारता येतं.

ओम्नीला हे तंतोतंत लागू पडतं. १९८४ला ती "मारुती व्हॅन" म्हणून आली, १९८८ला ओम्नी नाव मिळालं, २०१९ला बंद झाली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती ८००च्याच घराण्यातलं. त्यामुळे इंजिनाचं बरंचसं सामान भोकरदन, सिल्लोड, जालना, कुठेही मिळेल. पण अंगाच्या सामानाला "ईको चालेल ना?" असं विचारत बसू नका. ईको वेगळी गाडी आहे, तिचा दरवाजा ओम्नीला बसत नाही.

तर पिंपळगावात काय केलं ते सांगतो. खिशात तीन वस्तू होत्या: लोहचुंबक, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च. चुंबक पत्र्यावर फिरवायचा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे. स्क्रू-ड्रायव्हरने पुढच्या सीटखाली, चाकाच्या कमानीत, सरकत्या दरवाजाच्या खालच्या रुळाजवळ, मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेला आणि जॅक लावायच्या जागी दाबून बघायचं. (मालकाची परवानगी घेऊन, नाहीतर भांडण.) पहिल्या व्हॅनची मॅट उचलली आणि टॉर्च खालून मारला, तर उजेड वर आला. मक्खन इंजिनाच्या गाडीला फरशीच नव्हती. वर चकचकीत रंग आणि दरवाजाखाली बोटभर पुट्टी. तो पत्रा कापून नवा जोडायचा म्हटलं तर स्थानिक कारागिराने २५,००० सांगितले. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरीचा पत्रा कोरडा निघाला. दोन ठिकाणी वरवरचा गंज, काचा शाबूत, रोलर झिजलेलं पण रूळ सरळ. आता तिचा धूर. धुराचा रंग वाचायला शिका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, बहुतेक रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर बघा. सतत पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इथे निळा होता. मेकॅनिकने कॉम्प्रेशन तपासून १४,०००चा अंदाज दिला. ४२ आणि १४ मिळून ५६,०००. हातात राहिले २४,०००.

इथेच बहुतेक जण कागद विसरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. त्यावर पर्यावरण कर आणि विमा, उशीर झाला असेल तर दंड. "आरसी काय, करून घेऊ" म्हणणारा विक्रेता तुमच्या माथी किमान १५,००० मारत असतो. तेवढे भावातून कमी करा किंवा नूतनीकरण झाल्यावरच पैसे द्या. या मुलाने दुसरा मार्ग धरला. मालकाने स्वतः आरसी करून दिली आणि भाव ४८,०००वर नेला. माझ्या मते योग्य सौदा. गाडी पास होईल का, ही जोखीम मालकाकडेच राहिली.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,०००चा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून छत कापणं, बाजूला मोठी खिडकी पाडणं, कायमची वेल्डिंग हे आरटीओला विचारल्याशिवाय करू नका. धंद्याचा वापर आणि प्रवाशांना भाड्याने देणं हेही तिथेच विचारा. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलंय, पण कॅरव्हॅन म्हणून नोंदणीची मानकं वेगळी आहेत. मी त्याला अजिंठ्याचा बेत पहिल्या वर्षी बाजूला ठेवायला सांगितलं. आधी मिरचीचा एक हंगाम काढ.

आता स्वतः काय करायचं? ऑइल आणि फिल्टर बदलणं, प्लग, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, रेडिएटरचे पाइप, फ्यूज, बल्ब, दरवाजाचं रोलर, वरवरचा गंज. हे सगळं पाना-पक्कड आणि थोडा धीर असला की जमतं. गंज घासताना तारेच्या ब्रशने चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासा, मग प्रायमर, मग रंग. गंजावर रंग मारला तर तो आतून खात राहतो. आणि ब्रेक, स्टेअरिंग, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, चौकटीची वेल्डिंग? याला हात लावू नका. तिथे वाचलेले पाचशे रुपये कोणाच्या तरी जिवावर बेततात.

पार्ट आणताना दुकानात जाऊन "ओम्नीचं द्या" म्हणू नका. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत मधेच बदल झालेले असतात. जुना पार्ट धुऊन सोबत न्या. रबर असेल तर बोटभर तुकडा कापून न्या आणि छेद जुळवून घ्या. पाकिटावरचा पार्ट नंबर वहीत लिहा, पुढच्या वेळी फोनवर काम होईल. अंगाचं सामान मात्र भंगारातच शोधावं लागेल. आपल्या जालन्यात लोखंड वितळवून सळया बनवणारे कारखाने आहेत, तिथे भंगार भट्टीत जायच्या आधी ते कोणाच्या तरी आवारात पडलेलं असतं. त्या आवारवाल्याशी ओळख ठेवा, पण बिल घ्या. बिल नसलेला दरवाजा चोरीच्या गाडीचा असू शकतो. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून भंगारातून ब्रेकचं सामान कधीच घेऊ नका.

जाता जाता एक सांगतो. जर्मनीची फोक्सवॅगन व्हॅन १९५० साली आली, तिच्यात पलंग-शेगडी बसवून कॅम्पर झाल्या, आणि ब्राझीलमध्ये ती २०१३ पर्यंत बनत होती. आज युरोपात तिचा पत्रा, रबर, पडदे, बिजागऱ्या नव्याने बनवून विकणारे छोटे धंदे चालतात. ओम्नी बंद झालीय, रस्त्यावर मात्र अजून पुष्कळ आहेत. तिचं रोलर आणि दरवाजाचं रबर उद्या कोण पुरवणार? ज्याच्याकडे लेथ किंवा रबर मोल्डिंग आहे त्याने हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

व्हॅनमधल्या विजेचा हिशोब आम्ही तिथेच ओट्यावर बसून केला. ९ वॅटचे दोन दिवे ६ तास, १०८ वॅट-तास. १५ वॅटचा पंखा ६ तास, ९०. फोन आणि पैसे आल्याचं सांगणारा डबा मिळून ३०. एकूण २२८. १२ व्होल्ट ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२० वॅट-तास असतात, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ३६०. पुरतं. हे सगळं गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवलं असतं तर पहाटे स्टार्टर फिरला नसता. म्हणून दुसरी बॅटरी, दिवसा घरी चार्जरवर. बॅटरीच्या धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज, वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरी हवेशीर खोक्यात, शेगडीपासून लांब. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो.

गॅसचं सामान त्याने स्वतः जोडायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की गाडीच्या तळाशी साठतो, वास नाकापर्यंत येईतो उशीर झालेला असतो. सिलिंडर व्यावसायिकच, घरगुती धंद्याला चालत नाही. नळी आयएसआय खुणेची, तळाशी हवा जायला जागा, दररोज साबणाच्या पाण्याने सांधे बघायचे, आणि झोपायच्या आधी सिलिंडर गाडीबाहेर. गाडीला गॅस किट असेल तर त्यात घरच्या सिलिंडरमधून गॅस भरायचा विचारही नको. २०२४ मध्ये जळगावात असा गॅस भरताना ओम्नीचा स्फोट होऊन माणसं गेली.

राहिला सुट्या सामानाचा डबा. समजा रात्रीचे खर्च जाऊन ९०० रुपये सुटतात. गाडी एक रात्र बंद म्हणजे ९०० गेले, वर दूध नासलं ते वेगळं. फॅन बेल्ट, दोन्ही केबल, रेडिएटरचे पाइप आणि क्लिपा, प्लगचा संच, फ्यूज, पेट्रोल फिल्टर, लिटरभर ऑइल, कूलंट, आणि पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट-कंडेन्सर, असा डबा साधारण अडीच-तीन हजारात भरतो. तीन-चार रात्री वाचल्या की फिटला. मुलगा म्हणाला, "सर, हंगाम सुरू झाल्यावर घेतो." मी त्याला सांगितलं, पहिल्या रात्रीच्या आधी डबा सीटमागे दिसला पाहिजे. बेल्ट रात्री दोनला तुटतो आणि दुकान सकाळी दहाला उघडतं.

परवा त्याने वहीचा फोटो पाठवला. गाडी ४८,०००, इंजिन १५,२००, विमा आणि नाव बदलणं ४,३००, बॅटरी-वायर-फळी-टाकी ९,६००, डबा २,७५०. एकूण ७९,८५०. शेगडी घरचीच. हातात दीडशे रुपये उरले, म्हणून सिलिंडरच्या डिपॉझिटसाठी त्याने सायकल विकायला काढलीय. मी त्याला फोन करून सांगितलं की सायकल ठेव, त्याऐवजी गटाच्या ताईंना पहिला हप्ता एक महिना पुढे मिळतो का विचार. त्यांचं उत्तर अजून यायचंय.