पिटक म्हणजे टोपली

तिपिटक हा शब्द आपल्या प्रवचनात आणि परीक्षेच्या पेपरात वारंवार येतो. त्यातील 'पिटक' या पाली शब्दाचा साधा अर्थ टोपली. विनय, सुत्त आणि अभिधम्म या तीन टोपल्या. ज्या वस्तूचे नाव एवढ्या मोठ्या ग्रंथभांडाराला मिळाले, ती वस्तू विणावयाची कशी, हे आमच्या हिवरा आश्रम परिसरातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? म्हणून हा पाठ.

साहित्य विकत आणावे लागत नाही. मेहकर तालुक्यात तूर घरोघर पिकते. नाल्याच्या काठाने निर्गुडी आणि माळावर तरवड मिळतो. बुरूड बांबूच्या कामट्या काढून विणतो, परंतु त्याला धारदार कोयता आणि वर्षांची सवय लागते. नवशिक्याने फोकापासून सुरुवात करावी. आमच्या मते निर्गुडीचा फोक सर्वांत चांगला. सरळ, लवचीक आणि किडीला नकोसा. तुराट्या पूर्ण वाळल्या की कडाकडा मोडतात, म्हणून ओलसर असतानाच घ्याव्यात. पऱ्हाटीच्या नादी लागू नये, ती चुलीसाठीच बरी. बांधावरचा फोक तोडण्यापूर्वी शेतमालकास विचारावे आणि बुडखा राखून तोडावे, म्हणजे पुन्हा फुटवे येतात.

तोडलेले फोक एक-दोन दिवस सावलीत पडू द्यावेत. अगदी ओले विणले तर वाळल्यावर आकसतात आणि वीण ढिली पडते. फार वाळले तर वळताना तुटतात. मग करंगळीएवढ्या जाडीचे आठ लांब फोक घ्यावेत. चारांवर चार आडवे ठेवून अधिकाचे चिन्ह करावे, बारीक फोकाचे दोन-तीन वेढे घालून मध्य घट्ट आवळावा आणि काड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या पसराव्यात. टोके झाली सोळा. येथे एक गणित आहे. विणीचा फोक एका काडीच्या वरून, दुसरीच्या खालून असा फिरतो. काड्या सोळाच राहिल्या तर दुसऱ्या फेरीत तो पुन्हा त्याच काडीच्या वरून जातो आणि वीण धरतच नाही. म्हणून एक काडी जादा खोचून सतरा कराव्यात. संख्या विषम झाली की प्रत्येक फेरीला वर-खाली आपोआप उलटते. (ज्यांच्या हातात हे गणित पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती.)

बूड वीतभर झाले की काही ज्येष्ठ मंडळी हटकून विचारतात, "जातीचे धंदे टाकून आपण शिकलो, आता मुलांच्या हाती पुन्हा टोपली कशाला?" हा प्रश्न अनुभवातून आलेला आहे, तो टाळून चालणार नाही.

फोकाच्या टोपल्या आणि कणग्या आपल्याकडे मुख्यतः कैकाडी समाजाने विणल्या. गाढवावर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल, आणि वर ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्यातून आलेला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, संशय मात्र गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. आजही हाच समाज बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित जातीत आणि सीमेपलीकडच्या जालन्यात विमुक्त जातीत मोडतो. विणणारे हात तेच, दाखला वेगळा.

बुद्धकाळातही असे विणकर होते. पालीत त्यांना 'नळकार' म्हणतात. मज्झिम निकायातील सुभ सुत्तात सावत्थीजवळच्या नळकार गावाचा उल्लेख आहे. तेथेच जन्मलेल्या माणसाला गावाची वाट विचारली तर तो अडखळेल काय, असे भगवंत विचारतात. विनयातील दुसऱ्या पाचित्तियात तर धंद्यांची यादीच आहे. नळकार, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांचे काम हीन, आणि हातमोजणी, हिशेब व लेखन हे उत्तम! म्हणजे आमच्यासारखा बँकेत आकडे लिहिणारा वरच्या पंगतीत. परंतु ही यादी कशासाठी दिली आहे? कोणत्याही धंद्यावरून दुसऱ्याला टोचून बोलणे हा भिक्खूचा अपराध ठरविण्यासाठी. शिवाय त्या-त्या प्रदेशात ज्याची अवहेलना होते ते हीन, अशी व्याख्या तेथेच आहे. हीनपणा अवहेलना करणाऱ्याकडून येतो, फोकातून येत नाही.

काम वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच जन्माने कप्प्यांत कोंडणे वेगळे, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात दाखविला. ज्येष्ठांची भीती या कोंडण्याची आहे आणि ती रास्तच आहे. म्हणून आमची सूचना अशी की, टोपली सर्व घरांतील मुलामुलींनी शिकावी, केवळ विणकरांच्या मुलांनी नव्हे. शिकविणारा कैकाडी वा बुरूड कारागीर असेल तर त्याला गुरुजी म्हणावे आणि दिवसाचे मानधन आधी ठरवून द्यावे.

आता राहिलेले काम. बूड तयार झाल्यावर उभ्या काड्या पाणी लावून वर वळवाव्यात व टोके सुतळीने सैल बांधावीत. प्रत्येक फेरी हाताने खाली ठोकीत जावी. फोक संपला की नवा फोक काडीच्या मागे, आतल्या बाजूने खोचावा. हव्या त्या उंचीला सुतळी सोडून प्रत्येक काडी शेजारच्या काडीमागून वाकवून विणीत दडपली की काठ होतो. टोपलीत धान्य ठेवावयाचे असल्यास आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून कडक उन्हात वाळवावी, ज्वारी भरताना मधूनमधून निर्गुडीचा वाळलेला पाला घालावा आणि खाली दोन विटा द्याव्यात, म्हणजे ओल लागत नाही.