काच उघडण्याआधी

जुनं सैनिकी होकायंत्र हातात आलं की आधी तबकडी बघावी, पितळ नंतर. तिच्या खुणांवर सुकलेल्या हळदीसारखा पिवळट-तपकिरी लेप दिसला, तर उचललेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा.

सर्वेक्षणाची उपकरणं दुरुस्त करण्यात माझी सारी नोकरी गेली. अजूनही ओळखीपाळखीतले लोक धूसर झालेल्या दुर्बिणी, अडकलेल्या लेव्हल घेऊन येतात. मध्यंतरी एक तरुण पणजोबांचं होकायंत्र घेऊन आला. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, असं घरात सांगतात. वस्तू अस्सल होती. व्हर्नर पॅटर्नचा आठवा नमुना, वर १९१८ साल आणि ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण, आत शिंपल्याची झळाळती तबकडी. लंडनचं नाव आणि जुनं साल कोरलेली जी चकचकीत होकायंत्रं बाजारात ढिगानं मिळतात, त्यांची आणि याची जातच वेगळी.

"काका, अगदी नव्यासारखं करा," तो म्हणाला, "आणि आतला तो पिवळा मळ तेवढा खरवडून काढा."

तो मळ म्हणजे रेडियम. रात्री खुणा दिसाव्यात म्हणून रेडियमचा क्षार झिंक सल्फाइडमध्ये मिसळून हा रंग बनवत. रेडियमच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड उजळतं आणि त्याच माऱ्यानं काही दशकांत निकामी होतं. लोकांना वाटतं, विझलं म्हणजे संपलं. प्रत्यक्षात रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. १९१८ साली लावलेल्यातला शंभरात पंचाण्णव भाग आजही तिथेच बसलाय. काच शाबूत असेल आणि यंत्र अधूनमधूनच हाताळलं जात असेल, तर धास्ती घेण्याचं कारण नाही. धोका खरवडण्यात आहे. भुसभुशीत लेपाची धूळ नाकातोंडातून शरीरात गेली की शरीर रेडियमला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडांत साठवून ठेवतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात १९१७ पासून मुली असाच रंग घड्याळांच्या तबकड्यांवर भरत. ब्रशाला टोक आणायला तो ओठांत धरायचा, अशीच त्यांना शिकवण होती. पुढे त्यांचे जबडे झडले, हाडं मोडली, कित्येक जणी तरुणपणीच गेल्या.

मी काच उघडली नाही. मास्क लावून, हातमोजे घालून घरी करता येईल का, असं अनेकजण विचारतात. माझं उत्तर नाही असंच आहे. धूळ टेबलावर, कपड्यांवर राहते आणि घरातली मुलं तिथेच वावरतात. काच फुटली असेल, लेप सुटून आत सांडला असेल, तर यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवावं आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारावं. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये.

उरलं बाहेरचं काम. माझ्याकडे येण्याआधी घरच्यांनी पितळ चिंच-मिठानं घासलं होतं. समईसाठी ते ठीक. इथे काळा मुलामा कडांवरून उडाला होता, कोरलेले आकडे पुसट झाले होते आणि बिजागरीत आंबट ओल शिरून हिरवा थर चढला होता. मी लाकडी टोकानं तो काढला, बिजागरीला तेलाचा थेंब दिला, लोलकाच्या बाहेरच्या बाजू मऊ कापडानं पुसल्या. मुलामा नव्यानं दिला नाही. संग्राहक झिजलेल्या मुलाम्याची किंमत देतात, नव्या रंगाची नाही.

खरी खोच वेगळीच निघाली. होकायंत्र उत्तर दाखवायचं, पण चुकीची. मोकळ्या मैदानात, दुचाक्या आणि लोखंडी फाटकांपासून दूर जाऊन मी एका खांबावर नेम धरून अंश वाचले, मग त्या खांबाशी जाऊन उलट पहिल्या जागेकडे बघून वाचले. दोन आकड्यांत १८० चा फरक यायला हवा. तो येत नव्हता. लोलकाच्या बिजागरीचा हरवलेला पितळी स्क्रू कुणीतरी बदलला होता आणि त्याच्या जागी घातला होता लोखंडी. संशयित स्क्रू ओळखायला स्वस्तातलं एखादं होकायंत्र वापरावं. स्क्रू काढून त्याच्या सुईजवळ फिरवला की कळतं. चांगल्या यंत्राजवळ लोहचुंबक नेऊ नये, आणि नेम धरताना मोबाइलही खिशात नको. लोखंडाची आणि विजेची ही खोड जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याचं चुंबकीय निरीक्षणाचं काम १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं, आणि तिथली इमारतही लोखंड टाळूनच बांधली.

पितळी स्क्रू बसल्यावर आकडे जुळले. तबकडी मात्र दक्षिणेकडे किंचित कललेली राहिली. हा बिघाड नाही. पृथ्वीचं चुंबकीय बल लंडनमध्ये क्षितिजाखाली सुमारे ६६ अंश झुकतं, अलिबागकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिकडच्या झुकावासाठी तोललेली तबकडी इकडे कलणारच. ती टेकत नाही, सरळ फिरते, एवढं पुरे. तोल साधायला मेणाचा ठिपका लावायचा म्हणजे काच उघडणं आलं.

झाकण मिटलं की तबकडी तिला तोलून धरणाऱ्या टोकावरून उचलली जाते का, तेही पाहून घ्यावं. नाहीतर प्रत्येक धक्क्याला ते टोक बोथट होतं. ते बोथट झालंय का हे कळायला तबकडी लोखंडी किल्लीनं जरा विचलित करायची आणि किल्ली दूर न्यायची. तबकडी दरवेळी त्याच अंशावर परत यायला हवी. याची येत होती.

घेऊन जाताना तरुणाचा चेहरा जरा उतरला. "काका, म्हणजे एकच स्क्रू बदललात?" एकच. पेटीत मी एक चिठ्ठी घालून दिली: आत रेडियम आहे, काच उघडू नये, मुलांच्या हाती देऊ नये, हवेशीर जागी ठेवावं. रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो, म्हणून झोपायच्या खोलीत नको. चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहिली. पुढच्या पिढीत हे होकायंत्र कुणाच्या हाती जाईल, काय सांगावं.