वैद्यकीय शिक्षण : कर्तृत्व की अमानत?

नीट परीक्षेचा निकाल लागतो, त्या दिवशी मेहकर, मलकापूर, खामगाव, चिखली येथील कितीतरी घरांत एकतर मिठाई वाटली जाते किंवा कोणी कोणाशी बोलत नाही. प्रवेश मिळाला की आपण म्हणतो, अल्लाहने आमचा सन्मान केला. हुकला की मनात येते, अल्लाहने आम्हाला डावलले. माणसाची हीच समजूत पवित्र कुरआनने सूरह अल-फज्रमध्ये (८९ : १५-१७) मांडली आहे आणि तेथेच ती ठामपणे नाकारली आहे. मिळणे ही कसोटी आहे आणि न मिळणे हीदेखील कसोटीच आहे.

मग आपल्या शिक्षणात व व्यवसायात अल्लाहचे मार्गदर्शन ओळखावे कसे?

हजरत यूसुफ (अ.) यांचे जीवन पाहा. विहीर, गुलामगिरी, खोटा आरोप, तुरुंग. त्या त्या वेळी यांपैकी एकही गोष्ट मार्गदर्शन वाटावी अशी नव्हती. जी विद्या पुढे मिसरला दुष्काळातून वाचविणार होती, ती त्यांनी आधी दोन कैद्यांसाठी वापरली. त्यांपैकी सुटलेला कैदी त्यांना विसरला. काही वर्षांनी तोच बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ विचारण्यास आला, तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही की मोबदला मागितला नाही. येणारे संकट सांगितले आणि धान्य कणसातच राखून ठेवण्याचा उपायही सांगितला (१२ : ४६-४९). अखेरीस वैभवाच्या शिखरावर असताना त्यांनी कबूल केले की, सत्ता आणि विद्या दोन्ही पालनकर्त्याचीच देणगी आहे (१२ : १०१).

कारूनलाही पुष्कळ मिळाले होते. तो मात्र म्हणाला की, हे मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले (२८ : ७८). दोघांनाही देणारा एकच होता. फरक होता तो कबुलीचा.

ही कबुली कृतीत कशी उतरते, हे थोर वैद्य इब्ने सीना (९८०-१०३७) यांच्या आत्मकथनात दिसते. एखादा प्रश्न सुटेना, की ते मस्जिदीत जाऊन नमाज अदा करीत आणि अल्लाहपुढे याचना करीत. एक तत्त्वज्ञानाचा ग्रंथ चाळीस वेळा वाचूनही त्यांना उमगला नव्हता. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात नको नको म्हणत तीन दिरहमांना घेतलेल्या फाराबींच्या पुस्तकाने तो उलगडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शुक्र म्हणून गरिबांना दानधर्म केला. चाळीस वाचनांचे श्रम त्यांचे होते. उलगडा मात्र त्यांनी अल्लाहचा मानला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही आधी उंट बांधण्यास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रहो, पूर्वी आपल्या जिल्ह्यातील मुलांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी अकोला, औरंगाबाद वा नागपूर गाठावे लागे. २०२४ मध्ये बुलढाण्यातच असे महाविद्यालय सुरू झाले. त्याचा खर्च ज्या जनतेच्या पैशातून होतो, तिच्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातील शेतमजूरही आहे. खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाचा आजार जडलेला असा रुग्ण उद्या आपल्यासमोर बसेल. त्याला अनावश्यक तपासण्या लिहून देताना आपला हात थांबला, त्याचे म्हणणे आपण शेवटपर्यंत ऐकले, तर समजावे की मार्गदर्शन अजून आपल्यासोबत आहे. विद्येचे काय केले, हा प्रश्न कयामतच्या दिवशी विचारला जाणारच आहे.

आणि पालकहो, ज्याचा प्रवेश हुकला त्या मुलाला टोमणे मारू नका. एक जीव वाचविणे म्हणजे संपूर्ण मानवजातीला वाचविणे होय, ही शिकवण (५ : ३२) केवळ डॉक्टरांसाठी नाही. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हेही त्यात वाटेकरी आहेत. आज जी विहीर दिसते, ती वाटेचा शेवट असेलच असे नाही.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त विद्या आणि ती अमानत म्हणून वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.