पावसाचे वाहते पाणी व गावची विहीर
(वरच्या इयत्तांसाठी परिसर अभ्यासाचा पाठ)

मृगाच्या सरी पडून ओढ्यांना गढूळ पाणी आले, की पुढील आठ-पंधरा दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर आजारी मुलांची संख्या वाढू लागते. कोणास जुलाब, कोणास उलट्या, तर कोणास ताप. हवा पालटली म्हणून हे दुखणे आले, असे घरोघर म्हटले जाते. परंतु हवेपेक्षा पाण्याकडे लक्ष दिल्यास त्याचे कारण पुष्कळ वेळा सापडते. ते कारण विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे व त्यावरील उपाय त्यांच्या अंगवळणी पडावेत, हा या पाठाचा हेतू आहे.

प्रस्तावना

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' ही म्हण मुलांना ठाऊक असते. तिच्यापासूनच पाठास आरंभ करावा. पाणी उताराकडे धावते, हे म्हणीतून निघाले म्हणजे पुढील प्रश्न विचारावा : धावताना ते एकटेच धावते काय? पागोळ्यांखाली ठेवलेल्या भांड्यात पहिल्या पावसाचे पाणी कसे दिसते, हे बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. त्यात कौलांवरची धूळ, पाचोळा व पक्ष्यांची विष्ठा असते. दोन-चार सरी पडून गेल्यावर तेच पाणी बरेच स्वच्छ येते. उन्हाळाभर साचलेली घाण पहिला पाऊस धुऊन नेतो. छपराच्या बाबतीत जे घडते, तेच सगळ्या गावठाणाच्या बाबतीत घडते.

थोडे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर 10 मीटर लांब व 6 मीटर रुंद असेल आणि पाऊस 25 मिलीमीटर झाला, तर त्यावर 1,500 लिटर पाणी पडते. तोच पाऊस एक हेक्टर जागेवर अडीच लाख लिटर पाणी ओततो. यातील काही जमिनीत मुरते आणि उरलेले वाहते. जमीन उघडी, तुडवलेली अथवा फरसबंद असेल तर वाहणारा भाग वाढतो. गवत व झाडोरा असेल तर मुरणारा भाग वाढतो.

प्रयोग

तेलाचा रिकामा डबा आडवा कापून दोन भाग करावेत व धारदार कडा शिक्षकांनी आधीच मुडपून घ्याव्यात. प्रत्येक भागाच्या एका टोकास भोक पाडावे. एका भागात नुसती माती व दुसऱ्यात हरळीसकट काढलेला मातीचा थर ठेवावा. दोन्ही भाग विटेवर टेकवून सारखेच तिरपे करावेत आणि भोकांखाली काचेचे पेले मांडावेत. दोन्हींवर चिमूटभर राख पसरून झारीने सारखेच पाणी घालावे. उघड्या मातीवरून आलेले पाणी अधिक, लवकर व गढूळ येते; हरळीतून आलेले कमी, सावकाश व निवळ येते. राख हीच गोठ्यापुढील शेण किंवा उकिरड्यावरील घाण आहे, असे मुलांनी समजावे.

गढूळ पेला दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये. गाळ तळाशी बसून वरचे पाणी निवळते. हे पाणी पिण्याजोगे झाले काय, असे विचारावे. काही मुले 'होय' म्हणतील. तेव्हा पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या पेल्यात मीठ विरघळवून तो त्यांच्यापुढे ठेवावा. मीठ दिसत नाही, पण चव घेताच कळते. पाण्यात विरघळलेली खते व पाण्यात तरंगणारे रोगजंतू यांस तर चवही नसते. निवळ पाणी व निर्मळ पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या पाठाचे सार होय.

पाण्याबरोबर काय येते

माणसांच्या व गुरांच्या विष्ठेतील रोगजंतूंमुळे जुलाब, पटकी व विषमज्वर यांसारखे रोग होतात. शेणखत व रासायनिक खते यांतील नत्र पाण्यात नायट्रेटच्या रूपाने उतरते. त्याचे प्रमाण फार वाढल्यास तान्ह्या मुलांना धोका असतो. नत्र व स्फुरद तळ्यात साठले, की शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे मरतात. मातीचे कण वरवर निरुपद्रवी दिसतात. परंतु रोगजंतू त्यांच्या आडोशास राहतात आणि गढूळ पाण्यात टाकलेले जंतुनाशक पुरेसे काम करीत नाही.

एका गावाची हकीकत

ज्या गावी नळाने पाणी येते तेथे ही काळजी नको, असा समज होण्याचा संभव असतो. यासाठी वॉकर्टन गावाची हकीकत मुलांना सांगावी. हे गाव कॅनडा देशातील ओंटॅरिओ प्रांतात असून त्याची वस्ती सुमारे पाच हजार होती. गावाला नळाने पाणी मिळे व त्यातील काही भाग एका उथळ विहिरीतून घेतला जाई. 8 ते 12 मे 2000 या पाच दिवसांत तेथे 134 मिलीमीटर पाऊस पडला. विहिरीजवळच्या शेतात शेणखत पसरलेले होते. त्यातील रोगजंतू पावसाच्या पाण्याबरोबर मातीच्या पातळ थरातून व खडकाच्या भेगांतून विहिरीत उतरले. 2,300 हून अधिक माणसे आजारी पडली व 7 दगावली.

पुढे न्यायालयीन चौकशी झाली. शेतकऱ्याचा दोष नव्हता, असे तीत ठरले. दोष निराळाच होता. पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन दररोज मोजावयाचा नियम होता. तो मोजला जात नसे आणि नोंदवहीत कल्पित आकडे भरले जात. रोज खरी मोजणी झाली असती तर साथ बरीच आटोक्यात राहिली असती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.

गावफेरी व उपाय

पाऊस उघडताच मुलांची गावफेरी काढावी. विहीर, ओढा, गोठे, उकिरडे, शौचालये व खतखड्डे कागदावर दाखवून पाण्याची वाट बाणांनी काढावी. कोणता बाण विहिरीकडे जातो ते पाहावे. विहिरीस उंच कठडा व सभोवार पक्का ओटा असावा. सांडलेले पाणी चराने दूर न्यावे. उकिरडा व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा. सांडपाण्यास शोषखड्डा करावा. ओढ्याच्या काठी गवताचा पट्टा राखावा. आभाळ भरून आले असता शेतात खत टाकू नये.

विहिरीतील पाण्याचे मापही मुलांनी काढावे. व्यास 4 मीटर व पाण्याची खोली 3 मीटर असल्यास 3.14 × 2 × 2 × 3 = 37.68 घनमीटर, म्हणजे 37,680 लिटर पाणी होते. दर हजार लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणाने सुमारे 188 ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल. ती टाकल्यावर तासभर पाणी उपसू नये. पावडर टाकणे व क्लोरीन तपासणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम आहे. मुलांनी ते दुरून पाहावे. औषधाचे थेंब घातल्यावर पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, असे समजावे.

नोंदवही

वर्गात पावसाळाभर एक वही ठेवावी. तीत तारीख, झालेला पाऊस, विहिरीच्या पाण्याचा रंग, क्लोरीनची तपासणी व त्या दिवशी आजारी असलेली मुले असे पाच रकाने आखावेत. भाद्रपद अखेर वही उघडून पाऊस व आजार यांचा काही मेळ बसतो काय, ते मुलांनीच शोधावे. ज्या दिवशी तपासणी झाली नसेल, त्या दिवशी रकाना अंदाजाने भरू नये. 'तपासले नाही' असेच लिहावे. रिकाम्या रकान्याने गाव सावध होते. खोट्या आकड्याने ते निर्धास्त झोपते. एवढी एक सवय मुलांस लागली, तरी या पाठाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.