सीटखालचा पत्रा

कसारा घाटात चढावर एका कंटेनरच्या मागे थांबलो होतो. तो हलला, मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि खटकन आवाज होऊन माझी सीट मागे कलंडली. पाय क्लचवरून सुटला. गाडी पुढे उसळली आणि बंद पडली. कंटेनरच्या बंपरपासून वीतभर अंतर उरलं होतं. शेजारी बायको, मागच्या बाकड्यावर मुलगी. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी जपणारे आणि तिच्या सीटा बदलू पाहणारे जे कुणी असतील, त्यांनी हे जरूर वाचावं.

गाडी 1997 ची जिप्सी किंग. पुढेमागे पाट्यांचं सस्पेन्शन, त्यामुळे आरेतल्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कण्यात पोचायचा. मूळ सीटांचा फोम पार बसला होता आणि माझी कंबर धरायला लागली होती. कुर्ल्याच्या भंगारातून एका सेडानच्या दोन सीटा आणल्या आणि मरोळला घराजवळच्या एका वेल्डरकडे गाडी लावली. सेडानच्या सीटच्या चारही पायांची उंची सारखी नव्हती, जिप्सीच्या भोकांशी त्यांचं जुळतही नव्हतं. त्याने अँगलचे तुकडे कापले, फरशीच्या पत्र्यालाच वेल्ड मारले, वर सीट बसवली. दुपारपर्यंत काम उरकलं. मी स्वतः सीट धरून हलवून पाहिली होती, दगडासारखी घट्ट वाटली.

घाटातून कशीबशी घरी आलो आणि मॅट उचलली. वेल्ड शाबूत होता. त्याच्या भोवतीचा पत्राच फाटून, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा अँगलला चिकटून वर आला होता. कडा तपकिरी, बोटाने चुरा होत होता. मरोळचा पावसाळा मॅटखाली मुरत राहतो. वरून रंग दिसतो, खाली पत्रा सडलेला असतो. त्यात वेल्डच्या उष्णतेने उरलासुरला रंग जळून गेलेला. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली. क्लच जोरात दाबला की आपली पाठ सीटला मागे रेटते आणि सीटचे पुढचे पाय वर ओढले जातात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हे दिवसातून शेकडो वेळा होतं. पत्रा एका दिवसात फाटला नव्हता, रोज थोडा थोडा फाटत आला होता.

म्हणून सीट विकत घ्यायच्या आधी मॅट काढा. पेचकसाच्या टोकाने सगळी फरशी टोचून पाहा, सीटच्या भोकांभोवती तर जास्तच. टोक आत गेलं तर सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवणं हे पहिलं काम, सीट नंतर. शक्य तिथे मूळ भोकंच वापरा, त्यांच्याखाली कंपनीने जाड पत्रा दिलेला असतो. नवं भोक पाडावंच लागलं तर खालून तळहाताएवढी जाड पट्टी द्या, म्हणजे ओढ पसरते. बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असावं. हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट इथे चालणार नाही.

सीटबेल्टबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. नव्या गाड्यांत बकल बहुधा सीटच्या सांगाड्यालाच असतं. तशी सीट जुन्या गाडीत बसवून तेच बकल वापरलं, तर धडकेत आपल्या अंगाचा सगळा भार तुम्ही लावलेल्या बोल्टांवर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत मोटारीच्या बेल्टच्या आधारांची चाचणी होते तेव्हा खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर प्रत्येकी 1350 डेकान्यूटन, म्हणजे पावणेचौदाशे किलोंच्या आसपास ओढ देतात. माझा फरशीचा पत्रा नुसत्या क्लचला टिकला नाही. गाडीचा मूळ बेल्ट गाडीच्या मूळ जागीच राहू द्या.

सीटखाली पिवळा कनेक्टर लोंबताना दिसला तर त्या सीटमध्ये एअरबॅग किंवा बेल्ट ताणणारा बार असू शकतो. ती सीट घेऊच नका. आणि गाडी जुन्या विलीज घराण्यातली, कांदिवलीला बनलेली सीजे-3बी असेल, तर ड्रायव्हरच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी असते. टाकी उतरवल्याशिवाय तिथे ठिणगीसुद्धा पडू देऊ नका.

कागदोपत्रीही बघून घ्या. कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी तपासली जाते, तेव्हा आरटीओत आधी विचारलेलं बरं.

शेवटी मी माझ्या मूळ सीटांचाच सांगाडा परत बसवला आणि त्यावर नवा, घट्ट फोम भरून घेतला. कंबर आता धरत नाही. एवढं साधं काम आधी का सुचलं नाही, याची अजून हळहळ वाटते. आठही बोल्टांच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली आहे. दर महिन्याला मॅट उचलून बघतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला.