चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचे औषध?

परसातल्या जखमी आणि पिसे झडणाऱ्या कोंबडीवर किती खर्च करावा, कुठे करावा आणि कुठे थांबावे

वरसे रोह्याला लागूनच आहे. एका बाजूला नव्या इमारती, धाटावच्या कारखान्यांत जाणारी माणसे. दुसऱ्या बाजूला अंगण, वाडी आणि संध्याकाळी डालग्याखाली जाणाऱ्या पाच-सात कोंबड्या. या कोंबड्यांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. दाणा घरचा, अंडी घरची. हिशेबाची वेळ येते ती कुत्र्याने एखादीला धरल्यावर, किंवा गणपती उलटल्यावर अंगणभर पिसे उडू लागली आणि अंडी बंद झाली की. मग औषधाच्या दुकानात तीनशे रुपये जातात, शेजारची मावशी म्हणते “कापून टाक,” आणि मुले रडतात.

पिसे झडणाऱ्या कोंबडीला औषध लागत नाही, खाणे लागते. जखमी कोंबडीला पहिल्या तासात फार तर शंभर-दोनशे रुपयांचे सामान लागते. तोच इलाज तिसऱ्या दिवसावर गेला की खर्च चौपट होतो. बाकीचा सगळा सल्ला या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

खाली दिलेल्या किमती साधारण अंदाजाच्या आहेत. दुकानागणिक आणि हंगामागणिक त्या बदलतात. औषधाच्या बाटलीवरची छापील किंमत आणि मुदत पाहूनच पैसे द्या.

आधी ओळखा: झड, खुडूक, की दुखणे?

चुकीच्या निदानाइतका महागडा खर्च दुसरा नाही. पिसे गेलेली कोंबडी दिसली की चार शक्यता तपासा.

वार्षिक झड: दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत, वर्ष पूर्ण केलेल्या कोंबड्या पिसे टाकतात. सुरुवात डोके आणि मानेपासून होते. मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. सगळे आवरायला साधारण आठ ते बारा आठवडे जातात. या काळात अंडी कमी होतात किंवा थांबतात. उघड्या कातडीतून सुईसारखी नवी पिसे डोकावत असतील आणि कोंबडी खात-पीत असेल, तर एक रुपयाचेही औषध आणू नका.

खुडूक: फक्त छाती-पोटावरची पिसे गेली आहेत, कोंबडी खुराड्यातून हलत नाही, हात लावला की फुगते. ती खुडूक आहे. खर्च शून्य.

कोंबडा किंवा टोचाटोची: पाठीची पिसे गेली असतील तर कारण बहुधा कोंबडा. एका कोंबड्यामागे कोंबड्या कमी असतील तर असे होते. शेपटीच्या बुडाशी रक्त दिसत असेल तर दुसऱ्या कोंबड्या टोचत आहेत. कारण सहसा दाटी किंवा आहारातली प्रथिनांची कमतरता.

उवा-गोचीड: रात्री विजेरी घेऊन शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहा. हलणारे कण किंवा पिसांच्या बुडाशी पांढरे पुंजके दिसले तर कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख यांचा उथळ खड्डा करून द्या, खुराडे रिकामे करून उन्हात तापवा. एवढ्यावर भागले नाही तर फवारणीचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच घ्या. शेतातले कीटकनाशक कोंबडीच्या अंगावर मारू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: कोंबडीचे अंग मुळातच माणसापेक्षा गरम, 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हाताला गरम लागली म्हणून “ताप आला” असे समजून माणसांच्या गोळ्या देऊ नका.

झडीच्या दिवसांचा खर्च: खाण्यावर

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. त्याच्या वजनातले 80-85 टक्के तेच. नुसत्या कणी-कोंड्यावर जगणारी कोंबडी नवी पिसे घालायला महिनेच्या महिने लावते. तांदळाच्या कणीत प्रथिने साधारण 8 टक्के, कोंड्यात 12 टक्के. झडीच्या दिवसांत 18 ते 20 टक्के हवीत. बाजारच्या अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात 16 ते 18 टक्के असतात आणि ते किलोला सुमारे 40 रुपये पडते. घरच्या घरी किलोभर मिश्रण असे होईल:

- कणी 500 ग्रॅम – 14 रुपये
- भाताचा कोंडा 200 ग्रॅम – 4 रुपये
- सोयापेंड 300 ग्रॅम – 15 रुपये

एकूण 33 रुपयांत साधारण 20 टक्के प्रथिनांचे खाद्य. बंद ठेवलेली कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे दिवसाला साडेतीन-पावणेचार रुपये. दहा आठवड्यांचे साधारण 7.7 किलो, म्हणजे अडीचशे रुपये. वाडीत मोकळी फिरून किडे, गांडुळे वेचणाऱ्या कोंबडीला याच्या निम्म्यानेही भागते.

सोयापेंडीऐवजी भुईमुगाची पेंड चालते, पण आपल्या दमट हवेत तिला लवकर बुरशी धरते आणि बुरशीचे विष कोंबडीच्या यकृतावर बसते. स्वस्त मिळाली म्हणून पोते भरू नका. पंधरा दिवसांपुरतीच घ्या.

रायगडात प्रत्येकाच्या घरी असणारे प्रथिन म्हणजे सुकट. कोंबड्यांना ती आवडतेही. पण खारवलेल्या सुकटीतले मीठ कोंबडीला बाधते. दोन-तीन पाण्यांत भिजवून, निथळून, पाच कोंबड्यांत मूठभर, आठवड्यातून दोनदा, एवढेच. माणसांसाठी घेतलेली महागडी सुकट त्यांना घालण्यात अर्थ नाही. तळाचा चुरा पुरे.

कालवे, तिसऱ्या यांचे शिंपले भाजून कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी बंद असताना कोंबडीला चुन्याची गरज कमी असते. लागेल तेवढे ती स्वतः घेते. खाद्यात मिसळू नका. खर्च शून्य.

नव्या पिसांच्या नळीत रक्त असते. ती दुखरी असतात, म्हणून या दिवसांत कोंबडी उगाच धरू नका. एखादे पीस मोडून रक्त आलेच तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे दाबून धरा आणि वर मक्याचे पीठ किंवा हळद लावा. नंतर तिला इतर कोंबड्यांपासून बाजूला ठेवा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचतात.

जखम झाली: पहिल्या तासाचे सामान

हे सामान आधीच एका डब्यात भरून ठेवावे. रात्री नऊ वाजता कुत्रे येऊन गेल्यावर दुकान शोधायला नको.

- पोव्हिडोन आयोडीन, 100 मिलि – 90 ते 130 रुपये
- कापूस, जाळीचे कापड, चिकटपट्टी – 60 ते 80 रुपये
- जलसंजीवनीची पुडी – 20 ते 25 रुपये
- हातमोजे, चिमटा, सुईविना सिरिंज – 50 ते 70 रुपये

सव्वादोनशे ते तीनशे रुपयांत डबा तयार होतो आणि तो चार-पाच प्रसंगांना पुरतो.

क्रम असा. कोंबडीला टॉवेलात गुंडाळा, डोके झाका. अंधारात ती शांत होते. रक्त वाहत असेल तर दाबून धरा. मग धुणे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दीड चहाचमचा, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम मीठ. सिरिंजने भरपूर धुवा. कुत्र्या-मांजराच्या दाताचे भोक बाहेरून बारीक दिसते, आतली घाण खोल असते. म्हणून पिसे कापून आजूबाजूला आणखी भोके आहेत का ते पाहा. शेवटी आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज लावू नका, नवे मांस जळते. हळद ओरखड्यावर ठीक. खोल भोकात भरली तर आत पू कोंडतो.

मग वेगळी जागा. भाजीचा क्रेट किंवा डालगे, तळाला जुने सुती कापड. भाताचे तूस फुकट मिळते, पण ते ओल्या जखमेला चिकटते. खपली धरेपर्यंत टाळा. थंडी असेल किंवा कोंबडी गळून गेली असेल तर क्रेटच्या एका कोपऱ्यावर दीड फूट उंचीवर 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा लावा. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. रोज दहा तास, दहा दिवस चालवला तर सहा युनिट वीज जाते, म्हणजे तीस ते साठ रुपये. दिवा कापडाला लागणार नाही असा बांधा.

मान टाकलेल्या कोंबडीच्या चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जाते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

पावसाळ्यात आणि पाऊस ओसरतानाच्या उकाड्यात खरा शत्रू माशी. तिने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. सकाळ-संध्याकाळ पंखाखाली आणि शेपटीखाली बघा. अळ्या दिसल्या तर कोमट मीठपाण्याने धुऊन चिमट्याने काढा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. टर्पेंटाइन, फिनेल, रॉकेल ओतू नका. गाईच्या जाड कातडीवर जे चालते त्याने कोंबडीची पातळ कातडी भाजते.

तळपायाला काळी खपली आणि सूज असेल तर पाय कोमट मीठपाण्यात रोज दहा मिनिटे बुडवा आणि बसायची काठी खाली आणा. उंच काठीवरून फरशीवर उडी मारल्याने असे होते. गाठ स्वतः कापू नका. आतला पू माणसालाही बाधतो.

डॉक्टर: कुठे आणि किती

पहिला फोन 1962. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा हा निःशुल्क क्रमांक आहे. दुसरा मार्ग रोह्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथले शुल्क किरकोळ असते, पावती मागून घ्या. खासगी डॉक्टर घरी आले तर तीनशे ते पाचशे रुपये आणि औषधे वेगळी धरा. मुंबईत परळला 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण कोंबडीसाठी तिथवर जाणे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडेच कोंबडीच्या किमतीच्या पुढे जाणे. ती वाट लाडक्या पक्ष्यासाठी, हिशेबासाठी नव्हे.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: औषध किती दिवस, अंडी किती दिवस टाकून द्यायची, आणि मांस कधीपर्यंत खायचे नाही. उत्तर भिंतीवर तारखेनिशी लिहा. डिसेंबरात पोपटीची, म्हणजे मडक्यात शेंगांबरोबर कोंबडी भाजायची, तयारी सुरू झाली की घरातल्या कुणाला ती तारीख आठवत नाही.

स्वतःच्या मनाने प्रतिजैविक देऊ नका. कोलिस्टिनवर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत 2019 पासून बंदी आहे. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक कधीच नको. गिधाडांच्या मूत्रपिंडांचा त्याने घात केला आणि जनावरांसाठीच्या वापरावर 2006 मध्ये बंदी आली.

इलाज थांबवायची वेळ

दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या, तुरा निळा पडला, डोके सुजले, मान वाकडी झाली, तर ती जखम नव्हे आणि झडही नव्हे. मानमोडी असू शकते किंवा बर्ड फ्लू. 2025 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला परसातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कुंडलिका नदीत टाकू नका, जिवंत कोंबड्या विकू नका. लगेच दवाखान्याला कळवा. मानमोडीला लस आहे. कुपी बहुधा शंभर मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आळीतल्या दहा घरांनी एकाच दिवशी टोचून घ्यावी. घरटी खर्च किरकोळ येतो.

एकट्या जखमी कोंबडीचा हिशेब वेगळा. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते. अंडे 12 ते 15 रुपयांना धरले तर वर्षाची कमाई 720 ते 1,200 रुपये. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची त्याहून जास्त. त्यावरून मर्यादा अशी ठरवता येते:

- 300 रुपयांपर्यंत: कोणत्याही कोंबडीसाठी, विचार न करता.
- 300 ते 800: तलंग किंवा भर अंड्यावरची असेल तर, जखम खोल असली तरी पोट फाटलेले नसेल तर.
- 800 च्या पुढे: हा व्यवहार नव्हे, माया आहे. माया करायला हरकत नाही, पण घरात सगळ्यांना आधी सांगून करा.

हाड कातडीबाहेर आले, पोट उघडे पडले किंवा दोन दिवस पाणीही घेतले नाही, तर डॉक्टरांच्या किंवा जाणत्या माणसाच्या हातून तिला लवकर सोडवावे. औषध दिलेले असेल तर ते मांस खाऊ नका. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा.

सगळ्यात स्वस्त औषध: जाळी

षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जोडजाळी घ्या. मुंगूस आणि मोठा साप दोन्ही अडतात. चार फूट लांब, तीन रुंद, तीन उंच खुराड्याला तळ-छपरासह 66 चौरस फूट जाळी लागते. चौरस फुटाला 20 ते 30 रुपये धरले तर 1,320 ते 1,980 रुपये. लाकूड आणि कडी वेगळी. दोन कोंबड्या वाचल्या की बहुतेक पैसे वसूल होतात, तिसरीला फायदा सुरू. जाळी घ्यायला जाल तेव्हा पहिल्या तासाच्या डब्याचे सामानही त्याच फेरीत आणा, आणि डब्याच्या झाकणावर 1962 लिहून ठेवा.