एकच 'रन', अर्थ किती?

प्रश्न : 'रन' म्हणजे धावणे, असे शाळेत शिकलो. पण इंग्रजीत नाकही 'रन' होते, दुकानही आणि रस्ताही. हे सगळे अर्थ पाठ करायचे का?

उत्तर : पाठ करू नका, ते शक्यही नाही. ऑक्सफर्डच्या बृहद्कोशाच्या नव्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे तब्बल 645 अर्थ नोंदले आहेत. 1928 साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. त्यालाही 'रन'ने मागे टाकले.

धावण्यातून 'वाहणे' आले : नदी, नळ, नाक. पुढे यंत्रे आली आणि 'चालू असणे' हा अर्थ फोफावला. इथे आपले 'चालणे' मदतीला येते. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक शंभर प्रयोग चालते. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'रन' बसते. आपण चालतो तिथे इंग्रज धावतो, एवढाच फरक! निवडणुकीला उभे राहणे मात्र अमेरिकेत 'रन' आणि ब्रिटनमध्ये 'स्टँड'.

खरी अडचण जोडशब्दांची आहे. 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपले. 'आय रॅन इंटू हिम' म्हणजे तो अचानक भेटला. पण 'रॅन ओव्हर हिम' म्हटलेत, तर त्याला गाडीखाली चिरडले! म्हणून सुटा शब्द वहीत लिहू नका. पुढच्या शब्दासह अख्खे वाक्य लिहा आणि मोठ्याने वाचा.